काडतुसाची लांबी

बाराबोरी बंदूक आपण पुष्कळांनी निदान बँकेच्या दारातील पहारेकऱ्याजवळ पाहिली असेल. तिच्या काडतुसाची पुंगळी पूर्वी कागदाची असे, आता बहुधा प्लास्टिकची असते, बूड धातूचे. आत दारू, तिच्यावर बूच, त्यावर छर्रे, आणि तोंड घड्या घालून मिटलेले. इंग्लंड-अमेरिकेत उडालेल्या पुंगळ्या घरी पुन्हा भरण्याचा छंद आहे. (आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्यान्वये परवान्यावाचून काडतूस बनवता येत नाही.) त्या छंदातले एक काम म्हणजे पुंगळीचे तोंड छाटणे.

हे कशाला? पुनःपुन्हा उघडमीट होऊन घड्या तडकतात, हे एक कारण. दुसरे मात्र जिवाशी गाठ घालणारे आहे. काडतुसावर छापलेली लांबी भरलेल्या काडतुसाची नसतेच. ती तोंड उलगडल्यानंतरची! इंग्लंडातील कित्येक जुन्या बंदुकांत काडतुसाची खोबण अडीच इंच, म्हणजे सुमारे ६५ मिलिमीटर असते; आजचे नेहमीचे काडतूस ७०चे. मिटलेले असताना ते त्या खोबणीत बिनतक्रार बसते, आणि तेथेच माणूस फसतो. बार होताच तोंड पुढच्या निमुळत्या भागात उलगडते, छर्ऱ्यांची वाट आवळते आणि दाब वाढतो. जुनी नळी तो सोसेलच असे नाही.

म्हणून पुंगळी ६५वर छाटतात. मग घड्यांना पुरेशी लांबी उरत नाही. छर्ऱ्यांवर पुठ्ठ्याची चकती ठेवून कडा आत वळवतात. पण नुसत्या कात्रीने भागत नाही, दारूचे मापही जुन्या नळीला झेपणारे लागते. खोबणीची लांबी पुष्कळदा नळीच्या बुडाशी कोरलेली असते. तरीही जाणते लोक ती बंदूक-कारागिराकडून मोजून घेतात. मागच्या एखाद्या मालकाने खोबण वाढवलेलीही असू शकते.