आधी धावणं, मग सत्कार

आदिलाबादच्या मैदानावर अजून पुरतं उजाडलेलं नाही. डिसेंबरची थंडी हाडात शिरते आहे. कापसाच्या गाड्या मार्केट यार्डाकडे निघाल्या आहेत. मैदानाच्या कडेला टेबल मांडलंय, त्यावर शाल, श्रीफळ आणि झेंडूचे हार. पण नेव्ही सर तिकडे फिरकतही नाहीत. चुन्याच्या रेषेवर स्टॉपवॉच घेऊन उभे आहेत.

"आधी धावणं, मग सत्कार," ते म्हणतात आणि शिट्टी वाजते.

पोरं सुटतात. नौदलाच्या अग्निवीर भरतीत मुलांना 1.6 किलोमीटर साडेसहा मिनिटांत धावावं लागतं, मुलींना आठ मिनिटांत. सर मराठीत ओरडतात, तेलुगूत ओरडतात, उटनूरकडची पोरं जवळून गेली की गोंडीत. अग्निवीरांची पहिली तुकडी 28 मार्च 2023 रोजी चिल्काच्या नौदल प्रशिक्षण केंद्रातून बाहेर पडली, तिच्यात खलाशी म्हणून प्रथमच मुली होत्या. तेव्हापासून या मैदानावरही मुली येतात. सगळ्यात शेवटी बेला गावची मुलगी पोचते. गुडघा दुखत असूनही सर शेवटची काही पावलं तिच्याबरोबर धावतात.

"किती झालं, सर?"

"आठ मिनिटं सात सेकंद. सात सेकंदांचं काय घेऊन बसलीस, महिन्याभरात जातील."

सर स्वतः चिल्कालाच घडले. पुढे जुन्या 'विक्रांत'वर होते. ती युद्धनौका 1997 साली सेवेतून निवृत्त झाली. चीफ पेटी ऑफिसर होऊन सर गावी परतले आणि त्यांनी हे मैदान धरलं. फी कधी घेतली नाही. इथून समुद्र कुठल्याही दिशेला शेकडो किलोमीटर दूर. म्हणून नव्या पोरांना ते पहिल्या दिवशी नदी शिकवतात: पैनगंगा वर्धेला मिळते, ते पाणी प्राणहितेतून गोदावरीत जातं, गोदावरी बंगालच्या उपसागराला. "तुमच्या शिवारातलं पाणी तुमच्या आधी समुद्रावर पोचलंय," असं ते सांगतात.

आता सगळे टेबलाभोवती जमतात. सुट्टीवर आलेला एक जुना विद्यार्थी पांढऱ्या गणवेशात पुढे होतो, सॅल्यूट ठोकतो. शेजारच्या एनसीसीच्या पोरांचा तळहात समोर असतो. याचा खाली कललेला, नौदलाचा. सरांचा हातही तसाच वर जातो. त्याची आई बोलायला उभी राहते.

"सर, माह्या पोराले तुमी पाण्यात धाडलं. पयले लय भेव वाटे. आता थोच मले फोन करून पुसते, माय, जेवली का."

भाषणाचा आग्रह होतो. सर खिशातून दोर काढतात आणि बेल्याच्या मुलीला बोलावतात. "बोलाइन मार." ती छोटा फास करते, टोक खालून वर काढते, मूळ दोराला वळसा देऊन पुन्हा त्याच फासात घालते आणि ओढते. सर फासात हात घालून हिसका देतात. गाठ सरकत नाही, मनगटही आवळत नाही. "यात बसवून माणूस पाण्यातून वर काढतात. वर येणारा तुझ्या गाठीच्या भरवशावर येतो. बंदरात असो की शेतातल्या विहिरीवर, गाठ अशीच मारायची."

माझ्या शेजारी सत्काराची वर्गणी गोळा करणारे उभे आहेत. त्यांतल्या कुणाचीच भरती झालेली नाही. कुणी दृष्टीच्या तपासणीत अडला, कुणी लेखीत. आज एक शाळेत खेळ शिकवतो, एक ऑटो चालवतो, एक जैनथकडे कापूस पिकवतो. निवडले गेलेल्यांनी शिक्षकाचे पाय धरणं स्वाभाविकच आहे. पण ज्यांच्या हाती पत्र आलं नाही, तीच माणसं आज हार घेऊन पुढे आली आहेत. या मैदानाने त्यांना नापास म्हणून कधी मोजलंच नाही. शिक्षकाची याहून मोठी पावती मला ठाऊक नाही.

सर शाल खांद्यावर घेतात. हजेरीची वही आणि स्टॉपवॉच त्या कापूसवाल्या शेतकऱ्याच्या हातात देतात. टाळ्या थांबत नाहीत. त्या गोंगाटातच बेल्याची मुलगी पुढे सरकते.

"सर, उद्या किती वाजता यायचं?"

सर शेतकऱ्याकडे बोट दाखवतात. "मला कशाला विचारतेस? सरांना विचार."