रांजणवाडी : पापणीची सूज

रायपूरच्या गोलबाजारात मसाले, हळद-कुंकू व जडीबुटी यांची दुकाने आहेत. तेथे वावरताना पूड वा धूळ डोळ्यात जाते आणि मनुष्य नकळत डोळा चोळतो. अशा अस्वच्छ बोटांवरील जीवाणू पापणीपर्यंत पोहोचतात.

पापणीच्या कडेला, केसांच्या मुळाशी, सूक्ष्म तैलग्रंथी असतात. एखाद्या ग्रंथीचे तोंड बंद होऊन तिला जीवाणूंचा संसर्ग झाला, की तेथे लाल, दुखरी पुळी येते. हीच रांजणवाडी होय.

रांजणवाडीवर लवंग उगाळून लावावी किंवा तळहातावर बोट घासून त्याची ऊब द्यावी, असे घरोघरी सांगितले जाते. यांतील ऊब तेवढी ग्राह्य आहे. लवंगेच्या तीव्र तेलाने मात्र डोळ्याला इजा होऊ शकते. हात धुऊन, स्वच्छ कापड सोसवेल इतक्या गरम पाण्यात भिजवून पिळावे आणि मिटलेल्या डोळ्यावर ५ ते १० मिनिटे ठेवावे. असा शेक दिवसातून ३-४ वेळा घ्यावा. पुळी फोडू नये, काजळ घालू नये, दुसऱ्याचा रुमाल वापरू नये. बहुधा १ ते २ आठवड्यांत सूज ओसरते.

परंतु सूज पापणीभर पसरली, ताप आला, अंधुक दिसू लागले किंवा डोळा हलविताना वेदना झाल्या, तर संसर्ग खोलवर गेल्याची शक्यता असते. अशा वेळी घरगुती उपायांत वेळ न दवडता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. विलंब झाल्यास दृष्टीच धोक्यात येऊ शकते.