ओळख पटविण्याची तीन वर्षे

बंगळूर वसविणाऱ्या केम्पेगौडांच्या पूर्वजांचे ठाणे, नंतर हवाई दलाचा तळ आणि 1984 पासून रेल्वेच्या चाकांचा कारखाना, अशा क्रमाने नावारूपास आलेल्या, त्याच शहराच्या येलहंका उपनगरात नोकरीनिमित्त येऊन कायमची स्थायिक झालेली जी मराठी कुटुंबे आहेत, त्यांचा नातलगांशी, बँकेशी आणि बाजाराशी होणारा व्यवहार आता बहुतांशी मोबाइलच्या पडद्यावरच होतो. आणि त्या पडद्यावर बोलणारा जिवंत मनुष्य आहे की यंत्राने रचलेला आभास, ही शंका 2023 च्या आरंभी येथे क्वचितच कोणाच्या मनास शिवत असे.

त्या वर्षीच्या नोव्हेंबरात कोडगूच्या अभिनेत्री रश्मिका मंदाना यांचा चेहरा दुसऱ्याच एका स्त्रीच्या चित्रफितीवर चढविल्याचे उघडकीस आले, तेव्हा लोकांनी ती चित्रपटसृष्टीतील एक भानगड समजून सोडून दिली. परंतु पुढच्याच महिन्यात, पत्नी सुधा मूर्ती यांच्या पुस्तकांमुळे मराठी घरांस परिचित असलेल्या उद्योगपती नारायण मूर्ती यांना, आपण कोणत्याही स्वयंचलित गुंतवणूक योजनेचा पुरस्कार केलेला नाही, असे जाहीर करावे लागले. आणि 2024 च्या नोव्हेंबरात त्यांच्या व मुकेश अंबानी यांच्या बनावट चित्रफितींवर विसंबून बंगळूरच्या दोघा रहिवाशांनी मिळून सुमारे 87 लाख रुपये गमावल्याचे वृत्त आले. पुढच्याच वर्षी सद्गुरू जग्गी वासुदेव यांच्या अशाच आभासी चित्रफितीत सुचविलेल्या 250 डॉलरपासून आरंभ करून याच शहरातील एका महिलेने पावणेचार कोटी गमावले. या माणसांना भोळसट म्हणून निकालात काढणे मला अन्यायाचे वाटते. ज्या चेहऱ्याने कित्येक वर्षांत पत संपादन केली, त्याच्यावर विश्वास ठेवणे हा मूर्खपणा नव्हे, आणि चोरांनी लुटली ती वस्तुतः ती पतच होय.

आभास ओळखण्याची जी चिन्हे या काळात सांगितली गेली, त्यांचे आयुष्य फार अल्प ठरले. बनावट चेहऱ्याच्या पापण्या लवत नाहीत, असे अमेरिकेतील आल्बनीच्या संशोधकांनी 2018 मध्ये दाखविले. लवकरच बनावट चेहरे पापण्या लववू लागले. यंत्रलिखित मजकूर ओळखणारे जे साधन ओपनएआय कंपनीने जानेवारी 2023 मध्ये पुढे आणले, ते अशा मजकुरापैकी जेमतेम 26 टक्केच ओळखू शके. जुलैत ते मागे घेण्यात आले. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांना असे आढळले की, ही परीक्षक साधने परभाषकांनी स्वहस्ते लिहिलेले इंग्रजी निबंध सरासरी 61 टक्के वेळा यंत्राचे ठरवितात. म्हणजे चोर सुटावा आणि आमच्या मुलांनी कष्टाने लिहिलेल्या अर्जावर संशय यावा, असा हा विचित्र न्याय!

याउलट, 1638 च्या सुमारास बंगळूरची जहागीर शहाजीराजांकडे आली, त्या काळच्या मराठी दफ्तरांत पत्राचा अस्सलपणा मजकुराच्या सफाईवरून ठरत नसे. शिरोभागी शिक्का आणि अखेरीस मोर्तब असे, आणि मोर्तबानंतर कोणास एक ओळही घुसविता येऊ नये, असा बंदोबस्त होता. हा जुना शहाणपणा आपण विसरलो होतो, याचा पुरावा बंगळूरच्याच प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाने दिला: 30 डिसेंबर 2024 च्या बकाय ट्रस्ट प्रकरणातील आदेशात सर्वोच्च आणि मद्रास उच्च न्यायालयांचे जे निवाडे आधारास घेतले होते, त्यांपैकी काही अस्तित्वातच नव्हते, आणि थोड्याच दिवसांत तो आदेश मागे घ्यावा लागला. ते निवाडे खोटे आहेत हे त्यांच्या भाषेवरून कळण्याजोगे नव्हते; निवाडासंग्रह उघडून पाहणे हाच एक उपाय होता.

फेब्रुवारी 2026 मध्ये केंद्र सरकारने नियम दुरुस्त करून यंत्ररचित चित्रफितींवर आणि ध्वनिफितींवर तशी स्पष्ट खूण असणे बंधनकारक केले. नियम योग्यच आहे; तथापि जो लुटावयास निघाला आहे, तो आपल्या मालावर खूण करील ही अपेक्षा व्यर्थ होय. म्हणून वाचकांस विनंती एवढीच की, पैसा, कागदपत्र किंवा परवलीचा अंक मागणारा आवाज प्रत्यक्ष मुलाचा वाटला, तरी तो दूरध्वनी बंद करून आपल्याजवळ पूर्वीपासून असलेल्या क्रमांकावर त्यास स्वतः विचारावे, आणि फसवणूक झालीच असेल तर संकोच न धरता तत्काळ 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.