चार बॅटऱ्या आणि ओहमच्या आठ तारा

इन्व्हर्टरला समांतर जोडलेल्या चार समान लिथियम बॅटऱ्यांपैकी पहिलीच नेहमी आधी का उतरते, असा प्रश्न एका वाचकांनी विचारला असून, तिच्यातच काही खोट असावी असा त्यांचा तर्क आहे. खोट बहुधा बॅटरीत नसून जोडणीत आहे. इन्व्हर्टरच्या दोन्ही तारा त्या पहिल्याच बॅटरीवर आवळलेल्या आहेत, हे त्यांनी पाठविलेल्या छायाचित्रात स्पष्ट दिसते.

लोह-फॉस्फेट जातीच्या लिथियम बॅटरीचा अंतर्गत रोध अत्यल्प असतो, आणि जाहिरातींत ज्याचे एवढे स्तोम माजते तोच गुण येथे अडचणीचे मूळ ठरतो. कारण बॅटरीचाच रोध काही मिलिओहम असेल, तर वीतभर जोडतारेचा व तिच्या लगच्या सांध्याचा रोध नगण्य मानण्याची सोय उरत नाही. बॅटरीचा रोध 4 आणि प्रत्येक जोडतारेचा, सांध्यांसह, पाव मिलिओहम धरला, तर 12.8 व्होल्टच्या संचावर हजार-सव्वा हजार वॅटचा भार टाकताच लागणाऱ्या 100 अँपिअरपैकी पहिलीचा हिस्सा 34, दुसरीचा 26, तिसरीचा 21 आणि चौथीचा अवघा 19 अँपिअर येतो. चार्जिंगच्या वेळीही तीच तऱ्हा: पाटाच्या तोंडाशी असलेले शेत आधी भिजावे, तशी पहिलीच आधी भरते. भार तिप्पट झाला, तर पहिलीवर शंभराहून अधिक अँपिअर येऊन तिची बीएमएस, म्हणजे बॅटरीतील संरक्षक यंत्रणा, तिला मंडलातून तोडते व तिचा बोजा उरलेल्या तिघींवर पडतो.

हा सारा हिशेब ज्याच्या नियमावर उभा आहे, तो गेओर्ग ओहम एर्लांगेनच्या एका कुलूपकाराचा मुलगा होता. आणि मला विलक्षण वाटते ते हे की, तत्कालीन बॅटऱ्यांचा दाब प्रयोग चालू असतानाच ढळत असल्यामुळे त्याला त्या बाजूला ठेवाव्या लागल्या. कोलोनच्या शाळेत शिकवीत असता, तांबे व बिस्मथ यांच्या जोडाचे एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरे वितळत्या बर्फात ठेवून त्याने स्थिर विद्युद्दाब मिळविला, 2 इंचांपासून 130 इंचांपर्यंतच्या आठ तांब्याच्या तारा एकामागून एक लावून पाहिल्या, आणि 1827 साली ग्रंथ प्रसिद्ध केला. जर्मनीत त्याची उपेक्षा झाली. लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ली पदक दिले ते 1841 साली. लिथियमची थोरवी गाणाऱ्यांनी या शिक्षकाचे नाव अगत्याने घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

उपाय मात्र फुकटचा आहे. धन तार पहिल्या बॅटरीवर राहू द्यावी आणि ऋण तार उचलून चौथीवर न्यावी. वरच्याच हिशेबाने कडेच्या दोघींकडे साडेसव्वीस आणि मधल्या दोघींकडे साडेतेवीस अँपिअर येतात. याहून काटेकोर वाटणी हवी असल्यास चारही बॅटऱ्यांच्या समान लांबीच्या तारा तांब्याच्या जाड पट्ट्यांवर, म्हणजे बसबारवर, आणाव्या. फेरजोडणीपूर्वी प्रत्येक बॅटरी स्वतंत्रपणे पूर्ण चार्ज करावी, आणि धन तारेवर, बॅटरीच्या अगदी निकट, फ्यूज बसवावा. तो घरगुती पेटीतला चालणार नाही, कारण लिथियम संचातून शॉर्ट सर्किटच्या वेळी हजारो अँपिअर उसळतात आणि ते तोडण्याची क्षमता फ्यूजवर छापलेली असावी लागते.