बैलाच्या कातड्याएवढी जमीन

ईदची सुट्टी जवळ आली की जव्हारला कुठे कुठे जायचे, याची चौकशी सुरू होते. उत्तरही ठरलेले असते. जयविलास राजवाडा, हनुमान पॉइंट, सनसेट पॉइंट, शिरपामाळ आणि वेळ उरला तर दाभोसा. मोखाड्याकडे गाडी वळवणारा सूर्यमाळचा गारवा खाऊन परततो. वाईट काहीच नाही. पण जव्हारची सर्वांत जुनी गोष्ट या यादीत बसत नाही.

गोष्ट अशी. हा मुलूख एका वारली नायकाच्या ताब्यात होता. जयबा मुकणे यांनी त्याच्याकडे फक्त बैलाच्या कातड्याएवढी जमीन मागितली. एवढीशी तर मागणी, नायक हो म्हणाला. जयबांनी कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, एकीला एक जोडत नेल्या आणि त्या घेरात येईल तेवढा सगळा मुलूख आपला केला. इंग्रजांच्या गॅझेटियरनेही ही कथा नोंदवली आहे.

आता नकाशावर भूमध्य समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावरचे ट्युनिस बंदर शोधा. त्याच्या शेजारीच प्राचीन कार्थेजचे अवशेष आहेत आणि मध्ये बिर्सा नावाची टेकडी. आजच्या लेबनॉनमधल्या सूर बंदरातून परागंदा झालेली राणी डायडो इथे उतरली आणि तिने स्थानिकांकडे बैलाच्या कातड्याएवढीच जागा मागितली, अशी आख्यायिका आहे. पुढचे तुम्ही ओळखलेच असेल. ग्रीक भाषेत 'बिर्सा' म्हणजे कातडे. टेकडीचे नाव मुळात किल्ला या अर्थाच्या फिनिशियन शब्दावरून आले आणि ग्रीकांनी त्याला कातडे चिकटवले, असे अभ्यासक मानतात. तरी ट्युनिसला गेलेला प्रवासी बिर्सावर चढतो तो ही गोष्ट ऐकतच. रोमनांनी इसवी सनापूर्वी 146 मध्ये कार्थेज जाळले. पुढे ट्युनिसची झैतुना मशीद उभी राहिली, तेव्हा तिचे कितीतरी खांब त्याच अवशेषांतून आणले गेले. रमजानमध्ये तरावीहला उभे राहणारे लोक आजही त्या खांबांमध्ये उभे असतात. कार्थेज आणि ट्युनिसचे जुने शहर, दोन्ही 1979 पासून जागतिक वारसा यादीत आहेत.

या दोन गावांना जोडणारा एक माणूसही आहे, जरा लांबून का होईना. इब्न बतूता 1325 मध्ये एकविसाव्या वर्षी हजला निघाला आणि ट्युनिसला पोहोचला. गावकरी काफिल्याच्या स्वागताला आले. जो तो आपल्या माणसाला सलाम करत होता, याला ओळखणारे कोणीच नव्हते. त्याला रडू आवरेना. तेव्हा एक हाजी जवळ आला आणि शहरात शिरेपर्यंत त्याच्याशी बोलत राहिला. त्याच मुक्कामात रमजान ईद आली. पुढे हाच इब्न बतूता दिल्लीत महंमद तुघलकाच्या पदरी काझी झाला. जयबांच्या मुलाला दिल्लीहून नेमशाह हा किताब मिळाला तो याच तुघलकाच्या अमदानीत. तारीख 5 जून 1343. जव्हार संस्थानाने त्या दिवसापासून स्वतःचा शक सुरू केला. इब्न बतूता तोवर दिल्लीहून निघून गेला होता.

कातड्याची गोष्ट आणखी ठिकाणी भेटते. मलाक्काचे मलाय लोक ती पोर्तुगीजांविषयी सांगतात. पण तिथे सांगणारा हरलेला आहे, म्हणून गोष्टीत पोर्तुगीज दगाबाज ठरतात. जव्हारला ती राजघराण्याची गोष्ट म्हणून राहिली, आणि मागणारा चतुर ठरला. कायदेशीर मागणी, शब्दाला जागणारा मालक आणि गेलेली जमीन. शब्द पाळणारा तो वारली नायक होता. गॅझेटियरमध्ये त्याचे नाव नाही.

आता जव्हारमध्ये हॉटेलच्या, शाळेच्या, सरकारी कचेरीच्या भिंतींवर पांढऱ्या रंगातली वारली माणसे गोल धरून तारपा नाचतात. पाहुणा तिथे फोटो काढतो. त्या चित्रातल्या माणसांचे पूर्वज या जमिनीचे धनी होते, हे त्याला कोणी सांगत नाही. शिरपामाळाला जाणाऱ्या प्रत्येकाला मात्र सांगितले जाते की 1664 मध्ये सुरतेला जाताना शिवाजी महाराज इथे थांबले आणि विक्रमशहांनी त्यांचे स्वागत केले. ते सांगायलाच हवे. त्याच माळावर कातड्याच्या गोष्टीचाही एक फलक लागला तर राजघराण्याचा मान कमी होणार नाही. ती त्यांच्याच घराण्यात जपलेली कथा आहे.

तोवर ईदनंतर जाणाऱ्यांनी एक करावे. राजवाडा पाहून झाला की मोखाड्याच्या एखाद्या गावात बोहाडा कधी आहे याची चौकशी करावी. उन्हाळ्यात रात्रभर चालतो, मुखवटे घालून देव-दैत्य येतात. पहाटे सोंगे उतरली की चहा होतो. तेव्हा शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या बाबांना विचारावे, कातड्याची गोष्ट तुमच्याकडे कशी सांगतात?