गोष्टीवेल्हाळ इंग्लिश

मीटिंगमध्ये बॉस काहीतरी जोक मारतो. सगळे हसतात, म्हणून आपणही हसतो. जोक काय होता, ते मात्र कळलेलं नसतं. मेल लिहायला जमतं, प्रेझेंटेशनही पाठ करून मारून नेता येतं. पण लंचला इंग्लिशमध्ये गप्पा सुरू झाल्या, की आपलं सगळं लक्ष डब्यात! मग पगार झाला की क्लास लावायचा, ग्रामरचं जाडजूड पुस्तक आणायचं आणि पंधरा दिवसांत ते कपाटावर टाकायचं. ओळखीचं वाटतंय ना?

मग यावेळी वेगळं काहीतरी करा. गोष्ट वाचा. हो, चक्क गोष्ट!

१९८० मध्ये वॉर्विक एली आणि फ्रान्सिस मंगूभाई या संशोधकांनी फिजीमधल्या ८ खेडेगावातल्या शाळांत हाच प्रयोग केला. मुलं घरी फिजियन नाहीतर हिंदी बोलणारी. इंग्लिशशी गाठ शाळेतच. त्यांच्या वर्गांत इंग्लिश गोष्टींची सुमारे २५० सचित्र पुस्तकं आणून ठेवली. काही वर्गांत मुलं रोज थोडा वेळ आपापली वाचायची, काहींत शिक्षक वाचून दाखवायचे आणि मग त्यावर गप्पा. बाकीच्या शाळांत नेहमीची वाक्यांची घोकंपट्टी. वर्षभरात गोष्टीवाली मुलं वाचून आणि ऐकून समजण्यात पुढे गेली. दुसऱ्या वर्षी ही आघाडी ग्रामर आणि लेखनातही दिसली!

यात जादू काही नाही. गोष्टीत ‘पुढे काय?’ची ओढ असते. नवा शब्द प्रसंगावरून कळतो आणि चार पानांनी पुन्हा भेटतो. शंभर पानं भूतकाळात फिरून आलं, की चुकीचं वाक्य आपोआप कानाला खटकतं. आजीच्या गोष्टी ऐकताना आपण तरी कुठे विभक्ती पाठ करत होतो?

आता पुस्तक कुठलं? इथे इगो आडवा येतो. पुरस्कारविजेती कादंबरी लोकलमध्ये मिरवायला छान. पण दर ओळीला डिक्शनरी काढावी लागली, तर गोष्ट संपलीच. सोपी टेस्ट करा. कुठलंही पान उघडा. ५० शब्दांत एखादाच अडला, तर पुस्तक तुमचं. अडणारे शब्द वाढले, तर सध्या ठेवून द्या. शिकणाऱ्यांसाठी मुद्दाम सोप्या केलेल्या कादंबऱ्याही मिळतात. ‘ऑक्सफर्ड बुकवर्म्स’ मालिकेची पहिली पायरी फक्त ४०० मूळ शब्दांत लिहिलेली असते. किंवा आर. के. नारायण यांचं १९३५ मधलं ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ घ्या. शाळा, परीक्षेचं टेन्शन, क्रिकेटची टीम... जग आपलंच, फक्त भाषा इंग्लिश. लहान मुलांचं पुस्तक वाचताना कुणी बघितलं तर? बघू दे! कळलं नसताना हसण्यापेक्षा ते बरंच.

अर्थात नुसतं वाचून तोंड उघडणार नाही. त्यासाठी रात्री दोन पानांचे संवाद मोठ्यानं वाचा. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर एखाद्या जवळच्या मित्राला तीच गोष्ट इंग्लिशमध्ये सांगा. चुका होतील, होऊ द्या. गोष्ट रंगली असेल, तर तो चुका मोजणार नाही. ‘पुढे काय झालं?’ असंच विचारेल.

आणि मग एखाद्या लंचला डब्यातून मान वर काढून जोक तुम्हीच मारा!