सरसाची सरशी

कांजूरमार्गच्या आमच्या वन बीएचकेत परवा तंबोऱ्याचा उचकटलेला सांधा घरीच चिकटवायचा घाट घातला. ओट्यावर दुधाशेजारी दुसरं पातेलं बघून आईनं विचारलं, "ही कसली खळ?" सरस जनावराच्या कातड्यापासून करतात, एवढं सांगायचा अवकाश, पातेलं आणि मी दोघेही गॅलरीत. वर आहेर, "श्रावणातच सुचलं का रे तुला हे?"

गंमत अशी की 'उत्तम' या अर्थाचा सरस संस्कृतातला आणि चिकटवायचा सरस फारसीतून आलेला. दोघांची ओळखदेखील नाही.

उकळी फुटली, सरस गेला
सरसाचे कोरडे दाणे गुळाच्या खड्यांसारखे दिसतात. वजनाच्या दुप्पट गार पाण्यात ते रात्रभर भिजवायचे. सकाळी साबुदाण्यासारखे टम्म फुगतात. मग वाटी थेट आचेवर न ठेवता गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवायची आणि तापमान 60 अंशांच्या आसपास राखायचं. कातड्यातल्या कोलॅजेन या प्रथिनाच्या लांब साखळ्या म्हणजेच सरसाची ताकद. जास्त तापवलं की त्या तुटतात. कुंचला उचलल्यावर पातळ काकवीसारखी सलग धार पडली की सरस तयार. मी घाईत त्याला खळखळून उकळलं. सांधा दुसऱ्या दिवशी झकास दिसत होता. तार चढवली, खुंटी पिळली आणि टक्! पुन्हा पहिल्यापासून.

लावल्यावर हाताशी मिनिटभरच मिळतं, कारण गार होताच सरस जेलीसारखा थिजतो. थंड देशांतले कारागीर म्हणून आधी लाकूडच शेकून घेतात. सरस गरम ठेवायला त्यांच्यापैकी काही जण चक्क बाळाची दुधाची बाटली कोमट करायचं यंत्र वापरतात! मुंबईच्या मे महिन्यात मात्र चार क्षण फुकटात जास्त मिळतात. उकाड्याचा एवढा एकच फायदा मला आजवर सापडलाय.

बर्फाच्या ट्रेमध्ये
कोरडे दाणे घट्ट झाकणाच्या डब्यात वर्षानुवर्षं टिकतात. भिजवून केलेला सरस बाहेर राहिला तर काही दिवसांतच बुरशी धरतो आणि असा वास मारतो की नाक दाबून धरावं. फ्रीजमध्ये तो काही आठवडे तग धरतो. त्याहून बरी युक्ती म्हणजे बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून फ्रीजरात ठेवायचा आणि लागेल तेवढा एकेक खडा काढून तापवायचा. सगळा साठा पुन्हा पुन्हा तापवला तर जोर कमी होतो.

ताकद मोजायची रीतही मजेशीर. ऑस्कर ब्लूम यांनी 1925 साली पेटंट घेतलेल्या यंत्रात एक दट्ट्या थिजलेल्या जेलीत 4 मिलिमीटर रुतवतात. त्याला जितके ग्रॅम वजन लागेल तितका 'ब्लूम'. सुतारकामाला साधारण 192 चालतो, वाद्यांना 250च्या आसपासचा बरा.

सरस काही आजचा नाही. इजिप्तमध्ये रेखमिरे या वजिराच्या सुमारे 3400 वर्षांपूर्वीच्या थडग्यातल्या चित्रात सुतारांचं सरसाचं भांडं आचेवर दिसतं. त्याची पकडही अशी की काचेवर फासलेला सरस वाळताना इतका आकसतो की काचेचे टवके उडवतो. त्यातून नक्षीदार काच तयार करतात.

दोन हत्तींची अडचण
1959 साली बळवंतराय पारेख यांनी पिडिलाइट कंपनी सुरू केली आणि तिच्या फेविकॉलनं देशभरच्या सुतारांची ही भिजवा-तापवा कटकट संपवली. डब्यावरच्या हत्तींनी ओढूनही न सुटणारा जोड कपाटाला छान. पण तंबोरा कधीतरी उघडावा लागतोच! सरसाला वाफ किंवा गरम सुरी दाखवली की तो मुकाट सोडतो. स्पिरिटच्या थेंबानं कडक होऊन तडकतो. तीनशे वर्षांपूर्वीची व्हायोलिनं आजही उघडून दुरुस्त होतात, ती याच गुणावर.

तंबोऱ्याचं माहेर मिरज. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांपैकी फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात तिथे तंतुवाद्यं बनवायला घेतली. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, दांडी तुणाच्या लाकडाची. मार्च 2024मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आता कारखान्यांत फेविकॉलचा डबाही दिसतो, आणि वेळेचं गणित बघता कारागिरांना नावं ठेवणं सोपं नाही. तरी भोपळा आणि दांडी यांच्या सांध्यापुरता माझा कौल सरसालाच.

मिरजेला जाणारी महालक्ष्मी एक्स्प्रेस रोज रात्री कांजूरला न थांबता धडधडत निघून जाते. पण मिरज गाठायची वेळ आली नाही; दुसऱ्या खेपेला सरस उकळू दिला नाही आणि सांधा धरला. उरलेले खडे फ्रीजरात आहेत. ट्रेवर आईनं चिठ्ठी डकवलीये: 'सरबतात घालू नये.'